बाना कसोंदेच्या कानामागे

मी नादकाटा बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, आयुष्यभर मला एकच सूर लावता आला. दुसरा लावायला सांगाल तर जमायचं नाही. पण ऐकायचं म्हणाल तर मी सगळं ऐकलंय. पिशवीत असो, चितेंग्याच्या, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाच्या, गाठीत बांधलेला असो, कुणाच्या घरी काय शिजतंय आणि कोण कुणाशी अबोला धरून आहे, हे मला बरोबर कळतं. स्वभावच तसा, काय करणार.

तुम्ही मला शाळेत पाहिलं असेल. विज्ञानाच्या बाई रबरावर आपटून पाण्याला टेकवायच्या आणि पाणी उडायचं, तोच मी. दोन पाय वर, एक दांडी खाली. जेवणाच्या काट्यासारखा दिसतो, पण मला जेवणात कुणी धरत नाही.

माझा जन्म शेफील्डचा. पोलादाला पोलाद घासून मला सुरात आणलं आणि मग कुणीतरी माझ्या दांडीवर एक अक्षर ठोकलं. त्या दुकानातून फादर फिन्टन नावाच्या उंच, लाल कानांच्या माणसानं मला विकत घेतलं आणि कोटाच्या आतल्या खिशात घालून बोटीनं, मग आगगाडीनं, मुफुलिराच्या तांब्याच्या खाणीवर आणलं. तेव्हापासून मी इथलाच. शेफील्ड मला आता आठवतही नाही.

इथं खाणीत काम करायला कुठून कुठून माणसं आलेली. बेम्बा, लोझी, तोंगा, न्गोनी. एका नळावर चार भाषांची भांडणं. लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, बंद झाली आणि आता देवाशी आपल्या भाषेत बोला असा हुकूम आला, तेव्हा पहिल्याच रविवारी चर्चच्या अंगणात जुंपली.

"बेम्बातच व्हायला हवी. ही जमीन कुणाची?"

"मग आम्ही लोझींनी काय मुकं उभं राहायचं?"

"उभे राहा की! तुम्ही बोलता ते देवाला तरी कुठं कळतंय!"

फादर फिन्टननं डोकं धरलं. शेवटी त्यांनी सकाळची पहिली मिस्सा इंग्रजीत ठेवली. ती कुणाच्याच आईची भाषा नाही, म्हणून कुणाचाच अपमान नाही. पण इंग्रजीला चाल कुठली लावायची? पहिल्या मिस्सेला रात्रपाळीची माणसं खाणीतून वर येऊन तशीच यायची, भुवयांत धूळ घेऊन. त्यांच्याकडून काय कसरती करून घेणार! म्हणून फादरनं अगदी साधी चाल धरली. एका सुरावर वाक्य चालत जायचं, शेवटाला एक पायरी उतरायची आणि थांबायचं. 'प्रभू दया कर' असो, 'पवित्र, पवित्र' असो, नाहीतर 'देवाच्या कोकरा' असो, सगळं चार-पाच सुरांत. ढोल नाही, पेटी नाही. फक्त माणसं आणि सुरुवातीला मी.

सुरुवात करून द्यायला त्यांनी पर्पेच्युआला निवडलं. तेव्हा ती शाळेत नुकतीच लागलेली बाई होती. आवाज खालचा, भरलेला, पाण्यानं भरलेल्या हंड्यासारखा. फादरनं तिला शिकवलं, "हा काटा गुडघ्यावर ठोक. दांडी कानामागच्या हाडाला लाव. हा जो सूर ऐकू येईल तो गायचा नाही. त्याच्यापासून चार पायऱ्या खाली उतर आणि तिथून उचल. थकलेला माणूस ज्या आवाजात बोलतो, तिथं गाणं सुरू झालं पाहिजे."

पुढं फादर फिन्टन आजारी पडले आणि परत गेले. जाताना मला तिच्या हातात ठेवून गेले. पर्पेच्युआला मुलगा झाला, त्याचं नाव कसोंदे. आमच्याकडे आईला मुलाच्या नावानं हाक मारतात, तेव्हापासून ती बाना कसोंदे. तिचा नवरा गेला. कसोंदे लुसाकाला नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला. राहिली ती, तिची मिस्सा आणि तिच्या कानामागे मी.

काय सांगू तुम्हाला ते दिवस! पुढच्या बाकावर ती वेदीकडे तोंड करून उभी राहायची. लोकांकडे पाठ. प्रार्थना सुरू करून देणाऱ्यानं लोकांची तोंडं बघत बसू नये, असं तिला वाटायचं. ठोकलं, हाडाला लावलं, चार पायऱ्या खाली आणि उचललं. पहिला शब्द तिचा. दुसऱ्या शब्दाला मागून सगळी वस्ती यायची. बा सिकाझ्वे खाणीत माणसं वरखाली नेणाऱ्या पाळण्याचं यंत्र चालवायचे. त्यांचा खर्ज आला की माझी दांडी तिच्या हातात आपोआप थरथरायची. पत्र्याखाली तेवढी माणसं एका सुरात 'पवित्र' म्हणताना मी दर रविवारी ऐकलंय. त्यात कुणी मोठा गायक नव्हता, आणि गायला आलं नाही असंही कुणी नव्हतं.

मग तिचे कान जायला लागले.

पहिल्यांदा मला कळलं. मलाच कळणार, मी हाडाला लागून. तिला माझा आवाज नीट यायचा, हाडातून थेट. पण त्याच्या खालचे सूर बाहेरून यायचे बंद झाले. आधी शेगडीवरचं पाणी उकळून गेलं तरी कळेना. मग पुरुषांचे आवाज गेले. "हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात," असं ती म्हणायची. शेजारची बाना चिकोंडी तेवढी तिला ऐकू यायची, कारण बाना चिकोंडीला हळू बोलताच येत नाही. ती आपल्या परसातून बोलली तरी बाजारात कळतं. त्यामुळे बाना कसोंदेला वाटायचं, आपले कान ठणठणीत आहेत.

आणि एका रविवारी ती चार पायऱ्या उतरलीच नाही. खाली उतरून तिला काही ऐकूच येत नव्हतं. जिथं मी वाजत होतो, तिथूनच तिनं उचललं.

तुम्हीच करून बघा. आपल्या गळ्याला परवडेल त्याच्या पार वर, तिथून अख्खी मिस्सा. बा सिकाझ्वेंनी तिच्या खाली जाऊन म्हणून पाहिलं, तर नुसती घरघर. ते गप्प झाले. मग बाकीचे पुरुष. बायकांनी काही आठवडे किंचाळून नेलं, मग त्याही थकल्या. एकेक आवाज विझत गेला. शेवटी ती एकटी. उंच, पातळ, ताणलेला एकच आवाज पत्र्याला जाऊन लागायचा. तिला माझा सूर हाडात घुमताना ऐकू यायचा आणि तिला वाटायचं, वस्ती गातेय.

मिस्सेनंतर अंगणात एकेक जण येऊन गुडघ्यात वाकायचा, हलक्या टाळ्या वाजवून नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "आई, आज फार छान झालं." आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर चूक सांगत नाहीत. तिनं निम्म्या वस्तीला पाटीवर अक्षरं गिरवायला लावलेली. कोण सांगणार? आणि मी? मला एकच सूर येतो. 'खाली उतर' हे त्या एका सुरात कसं सांगायचं, हे मला शेवटपर्यंत सुचलं नाही.

त्यात नवे फादर म्वेवा आले. तरुण, घाईतले, पण वाईट नाहीत. पहिल्या मिस्सेचे बाक रिकामे होत चाललेले. समोरच्या मैदानात दुसऱ्या पंथाचा तंबू लागलेला, तिथं ढोल आणि कर्णे. आमची पोरं तिकडे. फादर म्वेवांनी बा सिकाझ्वेंना बाजूला घेतलं. तेच आता चर्चच्या मंडळाचे प्रमुख.

"ही मिस्सा लोकांनी गायची म्हणून आहे ना? मला तर एकच बाई गाताना ऐकू येते. पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारी मी नीट ऐकेन. लोक गायले तर ही चाल राहील. नाही तर लाझारो वाजवतो तो कीबोर्ड आणि कर्णा लावू. म्हाताऱ्या आईंना तुम्हीच समजावून सांगा."

बा सिकाझ्वेंनी तिला निम्मंच सांगितलं. फादर पेंटेकॉस्टला गाणं ऐकणार आहेत. ती खूश झाली. दुसरं निम्मं सांगायला ते बाना चिकोंडीकडे गेले.

"तू न्गोनी, ती बेम्बा. तुला चालतं. तू सांग."

हे खरं होतं. न्गोनी आणि बेम्बा पूर्वी एकमेकांशी लढले आणि लढाई संपल्यावर त्यांच्यात टवाळीचं नातं लागलं. न्गोनीनं बेम्बाला काहीही बोलावं, बेम्बानं न्गोनीला. राग धरायचा नाही, अगदी मयताच्या घरीसुद्धा. जे कुणाला बोलता येत नाही ते हे टवाळ सोयरे बोलून टाकतात. बाना चिकोंडीला तेवढं पुरेसं होतं. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते नीट करायला तिला एरवीही आमंत्रण लागत नाही.

पेंटेकॉस्टच्या आदल्या दिवशी ती भाजलेल्या शेंगांचं सूप घेऊन आली. बाना कसोंदे ओसरीवर कपेंताची सुकी मासळी निवडत बसलेली. मी तिच्या कमरेच्या गाठीत.

"काय गं माकडखाऊ, उद्या चर्चचा पत्रा उडवणार म्हणे तू!"

"ये, उंदीरखाऊ, ये. घरातले उंदीर संपले वाटतं, म्हणून माझे मासे मोजायला आलीस."

"मासे ठेव बाजूला. ऐक. तू एवढ्या वर गातेस की देवदूतसुद्धा कानात बोटं घालतात. खाली ये जरा. बा सिकाझ्वेंचा गळा बसला तुझ्या पाठी."

बाना कसोंदे हसायला लागली.

"हसतेस काय! तू एकटीच गातेस, बये. मागं कुणी गात नाही. मेलेल्या माणसासारखे गप्प उभे असतात सगळे. तुझे कान गेलेत, कान!"

"आणि तुझी अक्कल कधी गेली? तुमचे लोक राजाबरोबर नदी ओलांडून इकडे आले तेव्हा का?"

"अगं, खरं सांगतेय!"

"न्गोनी आणि खरं!" बाना कसोंदेच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. तिनं चितेंग्याच्या टोकानं डोळे पुसले. "कित्येक दिवसांत एवढी हसले नव्हते. बस, न्शिमा टाकते."

बाना चिकोंडी बसून राहिली. जेवढं मोठ्यानं बोलावं तेवढी ती चेष्टा ठरत होती. ज्या एका तोंडाला खरं बोलायची मुभा, त्याच तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, अशी सगळी रीत. जाताना तिनं वळून माझ्याकडे, म्हणजे गाठीकडे, पाहिलं. पण मी कुठून बोलणार!

पेंटेकॉस्टला चर्च भरलं. सगळीकडे लाल कपडे, वेदीवर लाल फुलं. सुरुवातीलाच फादर म्वेवांनी हात धरून बाना कसोंदेला पुढं आणलं. "आज लोकांकडे तोंड करून उभ्या राहा, आई. सगळ्यांना तुम्ही दिसायला हव्यात."

आजवर ती लोकांकडे पाठ करून गायली होती, म्हणूनच तिचा सुखाचा संसार चालला होता. आता दिसेल तिला, असं मला वाटलं. दिसलं तरी चालेल, असंही वाटलं. कळू दे एकदाचं, मग ती खाली उतरेल.

ठोकलं. हाडाला लावलं. उचललं, माझ्याच सुरावरून.

पहिली ओळ ती एकटी गायली. समोर सगळी तोंडं मिटलेली. तिच्या बोटांत मला एकदम घाम जाणवला. आवाज अडखळला. ती पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकेक चेहरा बघत गेली.

आणि तेवढ्यात, देवा, बा सिकाझ्वेंनी तोंड उघडलं. आवाज नाही. नुसते ओठ. त्यांना तिची ती नजर बघवली नाही. त्यांच्या शेजारच्यानं पाहिलं, त्यानंही ओठ हलवले. मग त्याच्या मागच्या बाईनं. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर ते पसरत गेलं, दारापर्यंत. अख्खी वस्ती तोंडं उघडून, माना डोलवून, तिच्या शब्दांबरोबर ओठ हलवत होती. पत्र्याखाली आवाज मात्र तिचा एकटीचा.

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. बोटं सैल झाली. ती दुप्पट जोरानं गायला लागली. 'पवित्र' म्हणताना तर ती रडत होती. फादर म्वेवा वेदीमागं मान खाली घालून उभे होते. त्यांचे कान शाबूत होते. बाना चिकोंडीही समोरच होती, आणि तिचेही ओठ हलत होते.

त्या दुपारी बाना कसोंदेनं कोंबडी कापली. बाना चिकोंडीला भिंतीवरून हाक मारून बोलावून घेतलं.

"पाहिलंस? कुणी गात नाही म्हणे! शेवटच्या बाकापर्यंत गात होते! मी इतकी वर्षं पाठ करून उभी राहिले, मला माहीतच नव्हतं ते गाताना एवढे सुंदर दिसतात."

बाना चिकोंडीनं न्शिमाचा, मक्याच्या पिठाच्या उकडीचा, गोळा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. त्या दिवशी तिनं एकही टोमणा मारला नाही. पोट बिघडलंय म्हणाली आणि लवकर उठली.

फादर म्वेवांनी त्याच आठवड्यात कीबोर्डचं ठरवलं. सांगायला परत बाना चिकोंडीलाच पाठवलं.

ती आली तेव्हा बाना कसोंदे मला मऊ फडक्यानं पुसत होती. बाना चिकोंडी फाटकातून आली ती ओरडली नाही. ओसरीच्या पायरीशी येऊन तिनं दोन्ही गुडघे जमिनीला टेकले, मान खाली घातली आणि हलक्या टाळ्या वाजवल्या. सासूपुढं वाजवतात तशा.

"हे काय गं? उंदीर अडकला का घशात?"

ती उठली नाही. जवळ सरकून, बाना कसोंदेला ओठ दिसतील असं तोंड वर करून बोलली. "आई, मला तुमच्याशी बोलायचंय."

बाना कसोंदेचा हात माझ्यावर थांबला. एवढ्या वर्षांत त्या बाईनं तिला कधी आई म्हटलं नव्हतं, कधी गुडघे टेकले नव्हते. टवाळ सोयऱ्यानं गुडघे टेकले म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे शनिवारी ती चेष्टा नव्हती."

"नव्हती, आई."

"कीबोर्ड येणार का?"

"येणार."

खाणीचा भोंगा झाला. तो एकीलाच ऐकू आला.

"पण परवा? मी माझ्या डोळ्यांनी तोंडं पाहिली."

"आवाज नव्हता, आई. नुसते ओठ होते. माझेसुद्धा. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"किती दिवस मी एकटी गातेय?"

"पुष्कळ."

"आणि दर रविवारी येऊन छान झालं म्हणत होते."

बाना चिकोंडीनं मान पुन्हा खाली घातली. ती रडत होती, पण तिचं ते मोठ्यानं रडणं तिला त्या दिवशी सापडत नव्हतं.

"खाली गायले असते मी," बाना कसोंदे म्हणाली. "एकानं सांगितलं असतं तर खाली गायले असते. नाहीतर काटा दुसऱ्या कुणाकडे दिला असता. मिस्सा तर राहिली असती."

शेजारीण गेल्यावर तिनं मला गुडघ्यावर ठोकलं. हाडाला लावलं. मी वाजलो. दुसरं काय करणार, पोलाद आहे. ठोकलं की वाजायचं आणि त्याच सुरावर वाजायचं. त्या क्षणी मला खाली उतरायचं होतं हो, चार पायऱ्या, एकदाच. जमलं नाही.

मी विझेपर्यंत ती ऐकत राहिली. मग मला कानापासून दूर धरून म्हणाली, "तूसुद्धा."

त्यानंतर तिनं मला वाजवलेलं नाही. मी तिच्या खोलीत एका डब्यात आहे, बटणं आणि जपमाळेचे सुटे मणी यांच्यात. रविवारी ती पहिल्या काय, दुसऱ्या मिस्सेलाही जात नाही, घरीच असते. बाना चिकोंडी येऊन सगळं सांगते. लाझारो छान वाजवतो, कर्णा फार मोठा आहे, आणि लोक हात खिशात घालून उभे राहतात, कुणी गात नाही. बा सिकाझ्वेंना परवा पहिला शब्द उचलायचा होता म्हणे, पण सूर कुठून धरायचा ते त्यांना आठवेना. हे ऐकून बाना कसोंदे फक्त मान हलवते. दोघी आता एकमेकींना माकड-उंदीर करत नाहीत. फार नीट, फार अदबीनं बोलतात, आणि ते ऐकवत नाही.

तुमच्या चर्चमध्ये, देवळात, घरात कुठंही असं कुणी म्हातारं माणूस गात असेल, आणि ते फार वर गेलेलं असेल, तर तेवढं त्याला सांगा. जवळ जाऊन, त्याच्या कानाशी, हळूच. मी सांगितलं असतं. मला एकच सूर येतो.